माझी बाळंतिणीची खोली

वजन कमी करायचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरलं, त्याला कारण माझं घोरणं. देऊळघाटात माझं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. एकदा एक गिऱ्हाईक कपाशीच्या वाणाबद्दल विचारत होतं आणि मी त्याच्यासमोर, खुर्चीत बसल्या बसल्या, घोरायला लागलो. तो भला माणूस बराच वेळ थांबला. मग आत माझ्या बायकोला हाक मारून म्हणाला, "वयनी, दादा जागे झाले की येतो."

डॉक्टर म्हणाले, ही झोप नाही, दुखणं आहे. शुगर होतीच, गुडघेही कुरकुरत होते. मग संभाजीनगरच्या एका दवाखान्यात तारीख मिळाली. जठराचा मोठा भाग काढून टाकायचा आणि उरलेल्या केळ्याएवढ्या पिशवीवर पुढचं आयुष्य काढायचं, असा एकूण बेत होता.

बायको लगेच घर तयार करायला लागली. दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंनी तिला सगळं समजावून सांगितलं होतं. उठताना पोटावर ताण येऊ नये म्हणून तिनं पलंगाच्या पायांखाली विटा सरकवल्या. आमचा संडास देशी, म्हणून बुलढाण्याहून कमोडची खुर्ची आणली. न्हाणीघरात धरायला भिंतीला पाईप ठोकून घेतला. नाडीचे पायजमे गाठोड्यात गेले, सैल लुंग्या बाहेर आल्या. खोकला आला की पोटाशी धरायला एक लहान उशी तिनं शेजारच्या टेलरचाचांकडून शिवून घेतली. चाचांनी त्यात कापूस इतका ठासला, की ती विटेपेक्षा जरा मऊ, एवढंच म्हणता येईल. "जिंदगीभर दबनार नाई," ते अभिमानानं म्हणाले.

मग शेव-चिवड्याचे डबे चाचांच्या घरी रवाना झाले. दुकानातही झडती झाली. बियाण्याच्या पाकिटांमागे दडवलेली चिक्कीची बरणी तिनं माझ्यासमोर धरली. "आन् हे कोणतं वाण हाये?"

माझी मोठी बहीण सोनाळ्याला दिलेली. आई लवकर गेली, तेव्हा ताईनंच मला वाढवलं. आता 'वाढवलं' हे माझ्याकडे बघून कुणालाही पटेल. बातमी कळताच तिचा फोन आला.

"पोट कापून राह्यले? काऊन रे? पोटानं काय केलं तुह्यं?"

मी समजावलं. तिला पटलं नाही, पण आम्ही दवाखान्यात असताना घर सांभाळायला ती आली. किल्ली तिच्याकडे देऊन आम्ही निघालो. चूक तिथंच झाली.

ऑपरेशन नीट झालं. पोटावर बारीक छिद्रं, त्यावर पट्ट्या. घोट घोट पाणी पीत आणि चाचांची उशी पोटाशी धरून मी घरी पोचलो. दार उघडलं तर आतून ओव्याचा धूर आला.

विटांवरचा पलंग परसात गेला होता. त्याच्या जागी आमची जुनी सुतळीची बाज आणि बाजेखाली शेगडी. वारं लागू नये म्हणून खिडक्यांना चादरी. कोनाड्यात बाळंतशोपा, कान बांधायला पांढरा रुमाल आणि डिंकाच्या लाडवांनी गच्च भरलेला डबा.

"माह्या दोन्ही सुनांचं सिझर झालं," ताई म्हणाली. "पोटाच्या आपरेशनाचं मले समजत नाई का?"

"ताई, हे काय बाळंतीण हायेत का?" बायको म्हणाली.

"मले दिसते वो. पण काढलं तर हाये ना पोटातून काही!"

मी थकलो होतो, तेव्हा भांडण मिटेपर्यंत जरा टेकावं म्हणून बाजेवर आडवा झालो. सुतळी कुरकुरली आणि मी खाली खाली गेलो. बाजेची झोळी झाली. दवाखान्यात शिकवलं होतं, की कुशीवर वळायचं आणि हातावर जोर देऊन उठायचं. मी कुशीवर वळलो की झोळी मला परत मधोमध आणून ठेवायची. खालून शेगडीची ऊब. एकीकडे मला हसू यायला लागलं, आणि हसलं की टाके ओढायचे.

"हसू नका!" बायको ओरडली.

"मी काय मुद्दाम हसून राह्यलो का?"

शेवटी चाचांना बोलावलं. त्यांनी चष्मा वर करून मला सगळ्या बाजूंनी नीट पाहिलं, जणू माप घेत होते. "यांना उठवू नका," ते म्हणाले. "खाटच उठवा."

शेगडी सरकवली. तिघांनी मिळून बाजेची एक बाजू हळूहळू उचलली. गोणीतून धान्य ओतावं तसा मी उशीसकट घसरत खाली आलो आणि चक्क पायांवर उभा राहिलो.

मग मात्र बायकोचा पारा चढला. पलंग आत आला, चादरी सुटल्या. "आन् हे लाडू गाईले घाला," ती म्हणाली.

थोड्या वेळानं मी भिंत धरून स्वयंपाकघरात गेलो, तर ताई पाटावर बसलेली. डोळे पुसून म्हणाली, "लाडू नाई, भाकर नाई, दूध बी मापानं. मंग मी तुले देऊ काय रे? आलीच कायले मी?"

तिला दुसरं काही देता येत नसे असं नाही, पण तिचं सगळं प्रेम ताटातूनच यायचं, आणि माझं ताटच गेलं होतं.

बायको माझ्यामागे उभी होती. तिनं ऐकलं असावं. पुढे होऊन तिनं वरणाचं भांडं आणि मलमलचं फडकं ताईसमोर ठेवलं. "तुमी गाळून द्या ना वो ताई. मले नितळ जमत नाई."

हे साफ खोटं होतं. पण ताईनं पदर खोचला. वरणाचं पाणी तिनं गाळलं, परत गाळलं, उजेडात धरून पाहिलं आणि पुन्हा गाळलं. मग औषधाच्या टोपणानं मला पाजायला बसली. जन्मभर 'अजून एक घे' म्हणणारी बाई आता माझ्यावर डोळे वटारायची. "सावकाश! गिळला का आधीचा घोट?"

लाडू गाईपर्यंत पोचलेच नाहीत. मला बघायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर ताई एक ठेवायची. काही जणांना माझी काळजी इतकी वाटली, की ते दोनदा आले. एकानं तर लाडू चावत विचारलं, "बाळ-बाळंतीण सुखरूप ना?"

पुढे डॉक्टरांनी मऊ खिचडीची परवानगी दिली. मुगाची खिचडी ताईनंच शिजवली, पळीनं घोटली आणि छोट्या वाटीत घालून माझ्यापुढे बसली. मी चार-पाच चमचे खाल्ले आणि वाटी बाजूला ठेवली.

"काय झालं?"

"बस झालं, ताई. पोट भरलं."

तिनं आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. मग बायकोला हाक मारली, "अवो, लवकर या! हा काहीतरी वेगळंच बोलून राह्यला!"

बायको धावत आली, वाटीत डोकावली आणि हसत खालीच बसली. ताई मात्र माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं वाटी स्वतःकडे ओढली आणि उरलेली खिचडी खाऊन टाकली.

"मीठ कमी हाये," ती म्हणाली.