गुड फ्रायडेची होडी

नवरा गेल्यावर मी देवाशी बोलणं टाकलं, हे आधीच कबूल करते. खाडीच्या तोंडाशी खुंटात अडकलेलं जाळं सोडवायला तो पाण्यात उतरला तो वर आलाच नाही. त्याला उतरायला सांगणारा होडीचा प्रमुख, तांडेल पास्कू. त्याच्याशीही मी बोलणं टाकलं. दोन वर्षं चर्चची पायरी चढले नाही. रविवारी घंटा वाजली की मी मुद्दाम बोंबील वाळत घालायला बसायची. लोक नावं ठेवत, ठेवोत बापडे. सहा वर्षांची लेक मारी होती, तेवढी मला पुरे होती.

साल एकावन्न की बावन्न असेल. गुड फ्रायडेला सकाळीच मारीचा गळा सुजला आणि दुपारपर्यंत तिला श्वास घेता येईना. घशात पांढरा पापुद्रा दिसला. घटसर्पाने माझा धाकटा भाऊ असाच गेला होता. डॉक्टर खाडीपलीकडे, रेवदंड्याला. आणि आमच्या गावात त्या दिवशी कोणी होडी पाण्यात लोटत नाही. प्रभूच्या मरणाचा दिवस, वल्ह्याला हात लावायचा नाही, हा वाडवडिलांपासूनचा नेम. माणसं खाडीपार नेणाऱ्या तरीवाल्याच्या पाया पडले. त्याने हात जोडले आणि उद्या सकाळी नेतो म्हणाला. उद्या! पोरीजवळ उद्या कुठे होता?

तिला खांद्यावर टाकून चर्चकडे धावले खरी, पण आत शिरायला तोंड नव्हतं. तेवढ्यात मिरवणूकच बाहेर आली. क्रूसावरून उतरवलेली प्रभूची लाकडी मूर्ती चौघांच्या खांद्यावर, आणि पुढच्या दांड्याला पास्कू. नेमका तोच समोर. मी मारीला तशीच त्याच्यापुढे धरली. त्याने मारीकडे पाहिलं, दांडा शेजारच्याच्या खांद्यावर दिला आणि किनाऱ्याकडे चालू लागला. मागून कोणीतरी विचारलं, आज होडी काढतोस?

"ज्याचं मरान आपुन पालतो, त्यो हिला मरू देल व्हय?" एवढंच तो म्हणाला.

ओहोटीचं पाणी तिथे होडीला समुद्राकडे ओढून नेतं, एकट्याने पार जाणं कठीण. आम्ही निघालो तेव्हा खाडी निपचित होती. ओहोटी-भरतीच्या मधली वेळ असेल, मी वाद घालत नाही. पण त्या शांततेत, दोन वर्षांनी, मी देवाला मनात विचारलं, तू आहेस का रे?

डॉक्टर दवाखान्याला कुलूप लावत होते. घटसर्पाचं इंजेक्शन त्यांच्याकडे एकच होतं. चौलच्या एका मुलीसाठी मुंबईहून मागवलेलं, त्या सकाळच्या आगबोटीने आलेलं. तोवर ती मुलगी गेली होती. ते मारीला दिलं. ईस्टरच्या सकाळी पोरीने पेज मागितली. मी गुडघे टेकले. एकीचं मूल गेलं आणि माझं राहिलं, यात देवाचं काय मन होतं ते मला आजही कळलेलं नाही. परतताना होडीत मी पास्कूशी पहिल्यांदा बोलले, त्याला मारीचा मामा म्हटलं. तो वल्हं सोडून ढसाढसा रडला.

पंधरा दिवसांनी मी चौलला त्या मुलीच्या आईकडे गेले. सुपारीच्या बागेतलं घर, बाई ओटीवर एकटीच बसलेली. तुमच्या लेकीचं औषध माझ्या लेकीला दिलं, असं कसंबसं सांगितलं. वाटलं, हाकलून देईल, आणि तो तिचा हक्कच होता. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आता जेवते का गं ती नीट?"

देवा रे! तिच्या पायाशी बसून मी इतकी रडले की शेवटी तिलाच माझी समजूत घालावी लागली. खाडीत देवाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला त्या परक्या ओटीवर मिळालं.

तेव्हापासून गावात किंवा खाडीपलीकडे, कोणत्याही जातीच्या घरी, कुणाचं मूल गेलं की मी जाते. माझ्या जगण्याचं काम तेच झालं. काय बोलावं ते मला अजून सुचत नाही. चूल पेटवते, पेज करते आणि आधी त्या आईला भरवते.