मुकादमला खोली मिळाली, आत्याला नाही

नाही, थांबा, आधी माझं ऐका. ‘कुत्र्याला शेजाऱ्यांकडे ठेवायचं ना’ हे मला परत ऐकवू नका. आणि ‘आत्याला सरळ गाडीत घालून आणायचं होतं’ हे तर नकोच नको. मागच्या आठवड्यात मी एक फोटो टाकला, आमचा मुकादम उज्जैनच्या हॉटेलच्या लॉनवर पसरलाय तो. खाली एवढंच लिहिलं की आत्याला आणायला गेले होते, ती आली नाही. तर तुम्ही सगळे मला संस्कार शिकवायला हजर. कुत्र्याला हॉटेल आणि म्हाताऱ्या आत्याला वाऱ्यावर, असं एका काकांनी लिहिलंय. काका, तुम्ही तिथे नव्हतात. मी होते. त्यामुळे आता क्रमाने सांगते. कुत्रं घेऊन उज्जैनला जायचं असेल तर उपयोगही होईल.

कुमुद आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आजोबा रेल्वेच्या नोकरीत बदली होऊन उज्जैनला गेले, तिथेच घर बांधलं. बाबा शिकायला नाशिकला आले ते इकडचेच झाले. आत्या तिकडे राहिली. लग्न केलं नाही, मुलींच्या शाळेत आणि शिकवण्यांमध्ये आयुष्यभर गणित शिकवलं, आता फ्रीगंजच्या घरात एकटी असते. डिसेंबरात ती बाथरूममध्ये पडली. मनगट मोडलं. आम्हाला हे तिने नाही, शेजारणीने कळवलं, तेही प्लास्टर निघाल्यावर. बाबा म्हणाले, बास झालं, तिला आता इकडे आणायचं. पाहुण्यांची खोली रिकामी केली, नवा पलंग आणला. पण बाबांचा गुडघा नुकताच बदललाय, त्यामुळे आणायला जाणार कोण, तर मी. मी घरी बसून कथा लिहिते, म्हणजे घरच्यांच्या मते मोकळीच असते.

आणि मुकादम. अकरा वर्षांचा, बावीस किलोचा, गावठी. कुठेही काम चालू असलं की समोर बसून देखरेख करतो म्हणून मुकादम. त्याला फिट्स येतात. सकाळ-संध्याकाळ आठला गोळी. एकदा शेजाऱ्यांकडे ठेवला होता, दुसऱ्याच दिवशी फिट आली आणि त्या बिचाऱ्यांनी त्याच्या तोंडात पाणी ओतलं. वाचला कसाबसा. आई एकाच वेळी बाबांना आणि त्याला सांभाळू शकत नाही. म्हणून तो माझ्याबरोबर. ह्यात चर्चेला जागा नाही.

आत्याच्या घरी का नाही उतरले? कारण आत्याच्या घरात देव आहेत आणि कुत्रं चालत नाही. हे तिने पूर्वीच स्पष्ट केलेलं. आणि तिला ‘मी हॉटेलात राहते’ म्हणायची माझी हिंमत नव्हती. आपल्या माणसाचं घर असलेल्या गावात हॉटेलात उतरणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. त्या घराच्या तोंडावर दार आपटण्यासारखंच ते. म्हणून मी फोनवर थाप मारली की इंदूरला मैत्रिणीकडे राहते, दिवसा येऊन जाईन. चूक इथे झाली, कुत्रं नेण्यात नाही.

पहाटे साडेपाचला नाशिक सोडलं. रस्ता सोपा आहे, आग्रा रोड धरायचा आणि सोडायचा नाही. मालेगाव, धुळे, शिरपूर. टोल बरेच लागतात, फास्टॅग भरून ठेवा. सेंधव्याच्या अलीकडचा घाट ट्रकांच्या मागे मुकाट्याने चढायचा. कुत्र्यासाठी दर दोन तासांनी थांबले. खलघाटला नर्मदेचा पूल लागतो, तिथे मुकादमने खिडकीतून नदी बघितली आणि भुंकला, एकदाच, हजेरी लावल्यासारखा. इंदूर बायपासने बाहेरच्या बाहेर गेलात तर गर्दी टळते. चारला उज्जैन.

आता हॉटेलं. नावं लिहीत नाही, का ते पुढे कळेल. साईटवर पंजाचं चित्र असलेली तीन हॉटेलं मी निवडून ठेवली होती. पहिलं महाकाळाच्या बाजूला, बुकिंग केलेलं. रिसेप्शनवरच्या गृहस्थांनी मुकादमकडे बघितलं आणि म्हणाले की फोनवर त्यांना छोटावाला डॉग वाटला होता. मी म्हटलं, पंजाच्या चित्रात साईज कुठे लिहिलीय? त्यांनी मुकादमला लांबून हात जोडले. भैरवबाबांचं वाहन आहे, म्हणाले, पण खोलीत नाही. दुसरं देवास गेटला, बसस्टँडच्या जवळ. तिथे कुत्रं चालतं, फक्त पार्किंगमध्ये बांधून. त्यांच्या दृष्टीने ते पेट फ्रेंडलीच होतं. तर फोनवर ‘कुत्रा चालतो का’ असं विचारू नका. कुत्रा रात्री नेमका कुठे झोपणार, हे विचारा. वजन सांगा. खोली तळमजल्यावर आहे का विचारा, म्हाताऱ्या कुत्र्यांना गुळगुळीत जिन्यावरून उतरता येत नाही.

तिसरं इंदूर रोडला. साधं, दुमजली, तळमजल्याच्या खोलीचं दार थेट लॉनमध्ये उघडतं. बावीसशे भाडं, वर कुत्र्याच्या साफसफाईचे पाचशे. मॅनेजर चाळिशीचे, स्वेटरवर मफलर, प्रेमळ. त्यांनी माझं आधार घेतलं आणि मुकादमच्या लसीकरणाच्या कार्डाची झेरॉक्स, ती रजिस्टरला टाचणीने लावली. एकच अट, हॉटेल शुद्ध शाकाहारी, खोलीत अंडं नाही. मुकादमने दोन दिवस दहीभात आणि पनीर खाल्लं, तक्रार नाही. रजिस्टरमध्ये ‘कोणाला भेटायचं’ असा रकाना होता. मी दमलेली होते, खरं तेच लिहिलं. कुमुद पाठक, फ्रीगंज. मॅनेजरनी ते वाचलं, चष्मा वर केला आणि विचारलं, गणितवाली पाठक मैडम? मी हो म्हटलं. ते फक्त ‘अच्छा’ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आठच्या आधी दारावर टकटक झाली. मॅनेजर. खाली मान. मैडम आल्यात, म्हणाले.

लॉबीत सोफ्यावर आत्या. हाताला क्रेप बँडेज, खांद्यावर शाल, पायाशी कपड्यांची पिशवी आणि स्टीलचा डबा.

“मैत्रीण कुठाय तुझी?” आत्या म्हणाली. “तिच्यासाठी पण पोहे आणले.”

मी तिच्या पायाशी असलेला डबा उचलला.

“रेवू, तुला काय वाटलं, मला पता नाही लागणार? अगं, हा मॅनेजर आपल्याकडे ट्यूशनला यायचा. अर्धं उज्जैन माझ्याकडे पाढे म्हणून गेलं.”

मग तिने मला जे ऐकवलं ते सगळं लिहीत नाही. सारांश असा की लोक काय म्हणतील हा प्रश्न नाही, पण तिला स्वतःला रात्रभर झोप लागली नाही, भाची येऊन हॉटेलात झोपते म्हणून. आणि कुत्रं घरात येणार नाही, ते तर नाहीच. मग यावर तिने रात्रीच उत्तर काढलं होतं, गणितासारखं. तू घरी येणार नाहीस, तर मी इथे येते. ती उठून काउंटरपाशी गेली, पर्समधून आधार काढलं आणि शेजारची खोली मागितली.

मॅनेजरचा चेहरा पडला. ते हळू आवाजात काही सांगायला लागले. आत्याला हळू आवाज आवडत नाही.

“ज़ोर से बोलो बेटा, पीछे तक आवाज़ जानी चाहिए.”

“मैडम, लोकल आईडी पर रूम नहीं देते. मालिक का नियम है. आपका पता उज्जैन का है ना.”

आत्याने लॉनकडे बघितलं. तिथे मुकादम माळ्याच्या समोर बसून वाफ्याच्या खुरपणीवर लक्ष ठेवत होता.

“और उसका पता?”

“वो तो नासिक का है, मैडम.”

“कुत्ते का टीके का कार्ड चलता है, मेरा आधार नहीं चलता.”

ती भांडत नव्हती. नुसतं वाचून दाखवल्यासारखं म्हणाली. मॅनेजर म्हणाले, मैडम, नोकरी चली जाएगी. (म्हणून नावं नाहीत.) त्यांनी स्वतःच्या पैशाने चहा मागवला. आत्याने आधार परत पर्समध्ये ठेवलं, नीट, चेन लावून. आणि मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. हसत होती.

पोहे आम्ही लॉनवर खाल्ले, डब्याच्या झाकणात जिलबी. मुकादम आला आणि आत्याच्या चपलेवर हनुवटी टेकून झोपला. “हाकल त्याला,” ती म्हणाली, पण पाय काढला नाही. मी म्हटलं आता बोलून टाकावं. नाशिकचं सगळं सांगितलं. वेगळी खोली, तळमजला, नवा पलंग, डॉक्टर कोपऱ्यावर. मुकादमला गच्चीवर ठेवू. बाबा रोज तुझंच नाव काढतात. तू परत पडलीस आणि कुणाला कळलंच नाही तर?

तिने आधी जिलबी संपवली.

“पडेन,” म्हणाली. “ते होऊ शकतं. पण तू आत्ता बघितलं ना काय झालं? या गावात मला हॉटेलात खोली मिळत नाही. का, तर मी इथलीच आहे. नाशिकला मिळेल. कुठल्याही हॉटेलात, आधार दाखवलं की मिळेल. तुझ्या बाबाला हे सांग. त्याला गणित येत नव्हतं, पण हे कळेल.”

मी वाद घालणार होते. घातलाही, थोडा. पण माझं मन त्यात नव्हतं.

संध्याकाळी तिघं राम घाटावर गेलो. कुत्रं नेणार असाल तर आरतीच्या आधी जा, पट्टा आखूड ठेवा, घाटावरच्या कुत्र्यांचे आपापले टप्पे ठरलेले आहेत. आत्या माझा हात धरून पायऱ्या उतरली. फुलांच्या टोपलीवाल्या बाईने प्रणाम मैडम केला. एका पंड्याने गिऱ्हाईक सोडून वाकून केला. गाडीपाशी परत येईपर्यंत मी मोजणं सोडून दिलं. एका रिक्षावाल्याला तिने विचारलं, मुलगी काय करते, आणि सांगितलं की उद्या वही घेऊन पाठव. वाटेत गराडू खाल्ले, म्हणजे तिकडचा कंद, तळलेला, वर मसाला आणि लिंबू. थंडीत गेलात तर सोडू नका.

येताना फ्रीगंजच्या दुकानातून बाथरूमला लावायच्या स्टीलच्या दोन दांड्या घेतल्या. हे मी सुचवलं, तिने मान्य केलं, पण जाडी तिने निवडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी हॉटेल सोडून आत्याच्या घरी. मुकादमसाठी पोर्चमध्ये पोतं अंथरलेलं. तिथपर्यंतच, असं तिने त्याला स्वतः सांगितलं, मराठीत. प्लंबर आला. दांडी कुठे लावायची यावर तो आपला अंदाज सांगत होता. आत्याने त्याला बाजूला केलं, आत गेली, आणि डोळे मिटून, हळूहळू, परत पडून दाखवलं. खरंच नाही, पण झोक जाऊन भिंतीला हात लागेपर्यंत. जिथे हात लागला तिथे खडूने रेघ ओढली. “पडताना हात इथे जातो. दांडी इथे पाहिजे. वर शोभेला नको.” तिचा हात त्या रेघेवर थोडा वेळ तसाच राहिला. ती त्या दिवशी किती घाबरली असेल हे मला तेव्हा समजलं. फोनवर तिने कधीच सांगितलं नव्हतं.

ड्रिलचा आवाज सुरू झाला आणि मुकादम उठला. काम चालू आहे म्हटल्यावर तो कुणाचं ऐकत नाही. पोर्च ओलांडून, हॉलमधून, देवघराच्या समोरून थेट बाथरूमच्या दारात जाऊन बसला. मी आत्याकडे बघितलं. ती प्लंबरला म्हणाली, तुम काम करो. दोन्ही दांड्या बसेपर्यंत मुकादम हलला नाही. नंतर तिने माझ्याकडून अख्खं घर फिनाईलने दोनदा पुसून घेतलं आणि वर स्वतः गोमूत्र शिंपडलं. मी तुम्हाला ‘आत्या बदलली’ असली गोष्ट सांगत नाहीये.

जेवायला दाल-बाफले होते, म्हणजे वरण आणि उकडून भाजलेल्या कणकेच्या बाट्या. निघताना तिने गाडीच्या खिडकीतून आत डोकं घातलं. “पुढच्या वेळेला हॉटेल नाही. कुत्रं पोर्चमध्ये झोपेल. फार प्रेम येऊन राहिलं असेल तर तूही झोप त्याच्याजवळ, गादी देते.”

नाशिकला पोचले तेव्हा बाबा वॉकर घेऊन फाटकात उभे. त्यांनी पुढच्या सीटवर बघितलं, मग मागच्या. मागे मुकादम. “तू तिला समजावलंच नाहीस,” म्हणाले. मी हॉटेलची गोष्ट सांगितली, शब्दाला शब्द. ते हसले, मग हसायचे थांबले, मग आत जाऊन पडले. दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला. दांडीला लटकून बघितलं, पक्की आहे.

हिशेब लावायचा तर एवढाच. मी आणायला गेले होते एक माणूस, लावून आले दोन दांड्या. परत पडली तर? माहीत नाही. त्याची भीती मला तुमच्यापेक्षा जास्त आहे, कारण ती खडूची रेघ मी बघितलीय. पण काल आईने सांगितलं, त्या नव्या पलंगावर चादर घाल, आणि मी विचारलं, कुठल्या पलंगावर, तर ती म्हणाली, पाहुण्यांच्या खोलीतल्या. आम्ही अजून तिला पाहुण्यांची खोलीच म्हणतो. इतक्या दिवसांत दुसरं नाव कुणालाच सुचलं नाही.

आता बाबा हॉलमधून विचारतायत की गुडघा बरा झाला की आपण दोघं जाऊ आणि घेऊनच येऊ, काय म्हणतेस? आणि तुम्ही खाली लिहायला बोटं मोडत असणार. काका तर नक्कीच. कमेंट मी बंद केल्यात. आठची गोळी देऊन झालीय, मुकादम पट्टा तोंडात धरून दारात उभा आहे, आणि बाबा खुर्चीतून उठायच्या आत आम्ही फाटकाबाहेर असू.