मास्तरांचा डावा हात

मास्तरांनी उभ्या हयातीत कुणाला शाबासकी दिली नाही. शाळेत ते व्यायाम शिकवायचे, म्हणजे शिट्टी आणि छडी घेऊन मैदानात उभे राहायचे. पद्धत एकच. रांगेतला एक मुलगा चुकला की सगळ्या रांगेने पहिल्यापासून बैठका मारायच्या. त्यामुळे चुकणाऱ्याला मास्तरांनी हात लावायची गरजच पडायची नाही. ते काम मधल्या सुट्टीत बाकीची पोरं उरकायची. चुकणारा बहुतेक वेळा मास्तरांचा स्वतःचाच मुलगा असायचा. अंगाने थोराड, म्हणून मागे पडायचा. मास्तर सगळ्यांदेखत त्याला पिंप म्हणायचे आणि घरी आल्यावर वर दोन ठेवून द्यायचे. आपल्या पोराला सूट दिली असं कुणी म्हणायला नको, एवढीच त्यांना काळजी.

अशा माणसाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं चिखलात रुतल्यासारखं येऊ लागलं. डॉक्टरांनी बजावलं, पहिल्या काही महिन्यांत रोज व्यायाम केला तर मास्तर चालतील, नाहीतर खाट कायमची. व्यायाम करवून घ्यायला एक तरुण बाई घरी येऊ लागल्या. स्वभावाने गोड. करंगळी हलली तरी "वा काका, छान" म्हणायच्या. मास्तरांना त्या कौतुकाची शिसारी यायची. त्यांनी डोळे मिटले ते मिटलेच. शेवटी बाईंनी हात टेकले. जाताना मुलाला म्हणाल्या, अंगात ताकद आहे हो, पण त्यांना उठायचंच नाहीये.

मुलगा लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. आता चाळिशी उलटली, पण अंग तसंच थोराड. दुसऱ्या दिवशी कामावर निघण्याआधी त्याने कपाटातून वडिलांची शिट्टी शोधून काढली आणि त्यांच्या कानाशी वाजवली. मास्तरांचे डोळे खाडकन उघडले.

"ऊठ, ओंडक्या," तो म्हणाला.

जन्मात त्याने बापाला अरेतुरे केलं नव्हतं. सून मध्ये पडायला आली, तिला त्याने नजरेनेच थांबवलं. मास्तर संतापाने खाटेची कड धरून उठून बसले.

मग हे रोजचंच झालं. खाटेपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत, लोखंडी कपाटाचा आधार घेत जायचं. उजवा पाय घासला की शिट्टी, परत खाट, पहिल्यापासून. एकदा वाटेत मास्तरांचा लेंगा ओला झाला. मुलाने त्यांना तसंच मागे पाठवलं आणि तसंच पुन्हा चालवलं. सून अशा वेळी आत जाऊन नळ सोडायची, म्हणजे काही ऐकू येत नसे.

लोकांना व्यायामासाठी काय काय लागतं. नवे बूट लागतात, सोबत लागते, गाणी लागतात. मास्तरांना मुस्काटीत मारायला फक्त एक गाल लागला. दारापर्यंत आपल्या पायाने जायचं आणि या पिंपाच्या तोंडात वाजवायची, एवढं त्यांनी मनाशी धरलं. दुपारी सून झोपली की ते गुपचूप उठायचे, आपटायचे, पुन्हा उठायचे. गुडघे काळेनिळे झाले. खरं सांगायचं तर मास्तर इतके खुशीत कधीच नव्हते.

एका सकाळी मुलगा दारात शिट्टी तोंडात धरून उभा होता. मास्तरांनी कपाट सोडलं आणि पाय न घासता सरळ चालत आले. डावा हात उचलला आणि ठेवून दिली. शिट्टी उडून फरशीवर पडली. आत सुनेने नळ बंद केला.

अण्णा, तुम्ही चाललात, एवढंच मुलाला म्हणायचं होतं. त्यासाठीच तर तो इतके दिवस स्वतःच्या मनाविरुद्ध वागत होता, निदान तशी त्याची समजूत होती. पण लहानपणापासूनचं तुंबलेलं सगळं त्या क्षणी वर आलं.

"लागलंच नाही, अण्णा," तो म्हणाला.

मास्तरांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. मग वळले, आले तसेच नीट चालत खाटेपर्यंत गेले आणि आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजली, डोळे उघडले नाहीत. ओंडका म्हणून झालं, आणखी वाईट म्हणून झालं. शिवी आता लागू पडत नव्हती. गुडघा आखडायला लागला. डॉक्टरांनी सांगितलेले महिने सरत आले तसा मुलाचा धीर सुटला. एका सकाळी तो शिट्टी न घेता खाटेपाशी बसला आणि बापाचा डावा हात उचलून त्याने स्वतःच्या गालावर धरला.

"अण्णा, त्या दिवशी मी खोटं बोललो. फार लागलं होतं."

मास्तरांनी डोळे उघडून त्याच्याकडे नीट पाहिलं. पोट दुखतंय, पाय मुरगळलाय, असली कारणं ऐकण्यात त्यांचा जन्म गेला होता. खोटं बोलणारं पोर त्यांना बघताक्षणी ओळखू यायचं. त्यांनी हात सोडवून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं.