व्हेंटखालचं त्सुइवन

बेसमेंटमध्ये राहिलं की किस्से दाराशी साठलेल्या बर्फाळ बुटांसारखे होतात. आपले कुठले, दुसऱ्याचे कुठले, कळेनासं होतं. कॅनडात, रेजिनातल्या आमच्या बेसमेंटमध्ये आम्ही तिघं: वसईची मी, साताऱ्याचा योगेश आणि मंगोलियाची सारनाई. वर घरमालक काका-काकू, पुण्याचे. त्यांची अट एकच. घरात मटण-मासे शिजणार नाहीत. शिजले, तर महिनाअखेरीस खोली रिकामी करायची. बाहेर उणे पस्तीस, आणि भर थंडीत इथे दुसरी खोली मिळत नाही.

*

पहिल्याच आठवड्यात मी पेटले. "कुणी काय खावं हे घरमालक कोण ठरवणार? हा सरळ अन्याय आहे. मी आत्ता वर जाऊन सांगते."

योगेशने छताजवळच्या व्हेंटकडे बोट दाखवलं. घरभर गरम हवा सोडणारी फर्नेस एकच. खालचा वास आणि खालचा शब्द, दोन्ही त्या जाळीतून थेट काकूंच्या हॉलमध्ये.

"जरूर सांग," तो म्हणाला. "पण हळू."

उरलेलं भाषण मी कुजबुजत पूर्ण केलं.

*

सारनाई आमचा डाळ-भात निमूट खायची. मग एका रविवारी आईशी व्हिडिओ कॉल झाला. तिकडे सगळे त्सुइवन, म्हणजे मटणावर वाफवलेल्या नूडल्स, खात होते. त्या दिवसापासून तिचं ताट तसंच परत जायला लागलं. शेवटी ती मटणाची पिशवी घेऊनच आली. नाही म्हणायचं धाडस आम्हाला झालं नाही. योगेशने व्हेंटमध्ये टॉवेल कोंबला.

नूडल्स घरीच लाटायच्या होत्या. सारनाईला हवाय म्हणून पोळपाट मी काकूंकडून आणला.

"पोळ्या शिकतेय वाटतं? गुणी आहे हो पोरगी," काकू म्हणाल्या. मी मान डोलावून खाली सटकले.

सारनाईने भलीमोठी पोळी लाटली, तेल लावून घडी घातली आणि सुरीने बारीक पट्ट्या कापल्या. मटणाचे हात पोळपाटाला लागलेच. आम्ही तो साबणाने धुतला, लिंबाने घासला. तरी भीती जाईना, म्हणून योगेशने आफ्टरशेव्ह मारलं.

परत दिला तेव्हा काकूंनी पोळपाट हुंगला. "कसला गं हा वास?"

"इकडचा साबण, काकू."

*

दुसऱ्या वेळी घराच्या ग्रुपवर काकांचा मेसेज आला. "खालून वास येतोय. कसला?"

तिघांचेही घास तोंडातच राहिले. योगेशने टाइप केलं, "मोजे वाळत घातलेत."

 मग काकांचं उत्तर: "शिजवून वाळवता का?"

त्या रात्री मला झोप लागली नाही.

*

त्सुइवनचा नियम कडक. खाली मटण, कांदा, गाजर, कोबी, वर नूडल्स, झाकण. वाफ पुरती होईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. योगेशने एकदा डोकावून पाहिलं आणि सगळ्याचा गोळा झाला. सारनाई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

"काका परवडले," योगेश म्हणाला. "ते फक्त घराबाहेर काढतील."

*

मग तो शनिवार. पातेलं गॅसवर, टॉवेल व्हेंटमध्ये, आणि जिन्यावर चपलांचा आवाज. काका, हातात फर्नेसचा नवा फिल्टर. फर्नेसची खोली आमच्या किचनमागे, हे आम्ही विसरलोच होतो.

काका थबकले. नाक वर केलं. सरळ गॅसपाशी आले आणि झाकणाला हात घातला.

"थांबा!" सारनाई ओरडली. तिला येणारा हा एकच मराठी शब्द. बूट घालून कुणी आत आलं की काकू रोज असंच ओरडायच्या.

काकांचा हात हवेत राहिला. मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली. अन्याय वगैरे काही आठवेना.

"अजून वाफ यायचीय," सारनाई इंग्रजीत म्हणाली. "आत्ता उघडलं तर सगळं बिघडेल."

काका खुर्ची ओढून बसले. फिल्टर मांडीवर.  पातेलं तेवढं खदखदत होतं.

अखेर सारनाईने झाकण काढलं. वाफेने काकांचा चष्मा पांढरा झाला. तो त्यांनी पुसलाही नाही.

वरून काकूंचा आवाज आला. "अहो, झालं का?"

"फिल्टर अडकलाय! वेळ लागेल!" काका ओरडले. मग योगेशकडे वळून हळूच म्हणाले, "टॉवेल नीट कोंब रे. कडेने वास वर जातो."