बंद कारखान्याचा पगार

आमच्या डहाणूच्या मामांना जगातली एकही गोष्ट पुरती कळलेली नाही, असं माझं ठाम मत आहे. कळली असती तर निदान त्या एका गोष्टीबद्दल तरी त्यांनी विचारणं थांबवलं असतं. मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. माझी त्यांची पहिली भेट थेट बोहल्यावर झाली. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं रंगात आलेली, मी घामाने निथळतोय, आणि नवरीच्या मागे उभे असलेले हे गृहस्थ टाचा उंचावून अंतरपाटावरून मला विचारतायत, "जावईबापू, एक शंका आहे. तळासरीहून वऱ्हाड हायवेने आणलंत की आतल्या रस्त्याने?" मी कसाबसा पुटपुटलो, "हायवेने." त्यावर मामा म्हणाले, "का?" तेवढ्यात 'सावधान' झालं, अक्षता पडल्या, ताशे वाजले, आणि माझं लग्न लागून गेलं. त्या 'का'चं उत्तर मी अजून दिलेलं नाही आणि मामा ते अजून विसरलेले नाहीत.

धाकट्या डहाणूच्या रस्त्यावर, खाडीच्या अलीकडे एक बर्फाचा कारखाना होता. होड्या समुद्रावर निघाल्या की बर्फाच्या लाद्या तिथून जायच्या. मामा तिथे मशीन ऑपरेटर, जन्मभर. पण मशीन त्यांना पुरत नसे. बोर्डीच्या बसमध्ये बसले की कंडक्टरला विचारणार, तिकिटाचं यंत्र उन्हात ठेवलं तर छपाई उडते का? डॉक्टरांनी छातीला नळी लावली की, "डॉक्टर, एक शंका आहे, तुम्हाला तुमचं स्वतःचं ऐकू येतं का?" घरातला पंखा नीट चालत होता, हेच त्यांना खटकलं. तो का चालतो हे बघायला त्यांनी तो उतरवला. तेव्हापासून पंखा पितळी परातीत सुट्ट्या भागांच्या रूपात नांदतोय आणि मामी पुठ्ठ्याने वारा घेतायत. "माणूस वाईट नाही हो," मामी मला सांगायच्या, "पण याला एखादं उत्तर पुरलं असतं ना, तर माझा संसार झाला असता!"

या सगळ्यात एक प्रश्न मात्र त्यांचा अगदी खास, रोजच्या जपातला. "वास कसला येतोय?" कारखान्यासमोरून टोपल्या घेऊन जाणाऱ्या मासळीवाल्या बायकांना, शाळेच्या पोरांना, पोस्टमनला, कुणालाही. बायका वैतागायच्या. "मामा, डोक्यावर बोंबील हाय, आनि तुमी इचारताय कसला वास?" मामा शांतपणे म्हणायचे, "बोंबलाचा सोडून दुसरा काही?" मी सुट्टीत गेलो की मलाही कारखान्याच्या दारात उभं करून हुंगायला लावायचे. मी शाळामास्तर माणूस, मला वर्गात प्रश्न विचारायची सवय, उत्तरं द्यायची नाही. मी नाक न हलवताच सांगायचो, "काही नाही हो मामा, चला." तर म्हणायचे, "नीट घ्या. घाई काय आहे?" आमच्या घरी सगळ्यांनी त्यांचं नाव 'वासमामा' ठेवलं होतं, आणि ते नाव त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, कुणाला सुचलं?

अशा माणसावर कोर्टात दावा होईल, तोही पगार जास्त घेतल्याचा, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. झालं असं की कारखान्याचे मोठे शेठ वारले आणि त्यांचा मुलगा कारभार बघायला आला. मुलगा शिकलेला, हिशेबाला पक्का. त्याला दिसलं की पावसाळ्यात मासेमारीची बंदी असते, होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात, कारखाना ठप्प असतो, बाकीचे कामगार आपापल्या घरी भातलावणीला जातात, आणि मामांना मात्र त्या महिन्यांचाही पगार पूर्ण मिळालाय. दरवर्षी! त्याने मामांना बोलावून आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत विचारलं, "काका, कारखानो बंद होता ने? मग बंद कारखान्याचा पगार शेनो, कशाचा?" आता जगाला प्रश्न विचारणाऱ्या या माणसाला कुणीतरी पहिल्यांदा सरळ प्रश्न विचारला होता. पण मामांना तो प्रश्न वाटलाच नाही, चोरीचा आळ वाटला. ते म्हणाले, "तुमच्या वडिलांना विचारा," आणि कारखान्यातून कायमचे उठून आले. वडील तर भिंतीवर, हार घातलेले. मुलाने वकील गाठला आणि चुकून जास्त दिलेला पगार परत मिळावा म्हणून दावा ठोकला.

समन्स आलं. तारखेला मामा इस्त्रीचा शर्ट घालून कोर्ट उघडायच्या आधी हजर. आणि इथेच घात झाला. त्यांच्या दाव्याचा पुकारा व्हायला वेळ होता, म्हणून ते शेजारच्या दालनात डोकावले. तिथे बोर्डीच्या दोन सख्ख्या भावांचा वाद चालला होता. चिकूचं झाड एकाच्या जमिनीत, फांद्या दुसऱ्याच्या अंगणात, तर फळ कुणाचं? अहो, मामांसारख्या माणसापुढे असला प्रश्न टाकायचा म्हणजे मांजरापुढे बोंबील ठेवण्यासारखंच! मामा बसले ते बसलेच. इकडे व्हरांड्यात शिपाई त्यांच्या नावाने गळा फाडत होता, आणि तिकडे मामा मागच्या बाकावर झाडाच्या मुळांचा विचार करत होते. मधल्या सुट्टीत तर ते त्या दोन्ही भावांना चहाच्या टपरीवर गाठून सोलत बसले. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी मामींना झाडाची अख्खी कथा सांगितली. मामींनी विचारलं, "आणि आपलं काय झालं?" मामा म्हणाले, "आपल्याला नाही बोलावलं. बोलावतील की." कारखान्यात तशीच रीत होती. रात्री-अपरात्री काम निघालं की घरी बोलावणं यायचं. कोर्टाचंही तसंच असेल, असं धरून मामा निर्धास्त राहिले.

कोर्टाने बोलावलं नाही. कोर्टाने एकतर्फी निकाल दिला, आणि एके दिवशी जप्तीचं वॉरंट घेऊन बेलिफ दारात उभा राहिला. मामींच्या पायाखालची जमीन सरकली. मामांनी त्याला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि विचारलं, "साहेब, एक शंका आहे. जप्तीत आधी काय उचलतात?" बेलिफ बिचारा घरभर फिरला. पंखा परातीत, रेडिओ ताटात, मिक्सरचं पोट एकीकडे आणि डोकं दुसरीकडे. "अहो, यातलं एक तरी सबंध आहे का?" तो ओरडला. सबंध अशा मामींच्या पाटल्याच होत्या, हातातल्या. मामींनी दोन्ही हात पदराखाली घेतले. बेलिफ मुदत मागून घ्या असं सांगून निघून गेला.

मी तळासरीहून मोटारसायकल पिटाळत आलो. सगळ्या नातेवाइकांचं एकच म्हणणं, पाटल्या मोडा, भरून टाका, मोकळे व्हा. मीही तेच सांगितलं. मामांनी पहिल्यांदाच मला एकही प्रश्न विचारला नाही. म्हणाले, "भरले, तर मी फुकटचे खाल्ले असं होईल. मी नाही खाल्ले." त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मी पाटल्यांचा विषय तिथेच सोडला. पैशाचं सोडा हो, पण जन्मभराची नोकरी या माणसाच्या हातातून कुणीतरी काढून घेत होतं.

आम्ही एक वकीलबाई गाठल्या. त्या म्हणाल्या, निकाल रद्द करून घेता येईल, पण त्या दिवशी तुम्ही कोर्टात हजर होतात, केवळ पुकारा ऐकला नाहीत, हे पटवावं लागेल. साक्षीदार कोण? मामा ताडकन उठले आणि मला घेऊन बोर्डीला गेले. ते दोन भाऊ एकमेकांचं तोंड बघत नव्हते, पण मामांना बघताच दोघांनी एकाच वेळी कपाळाला हात लावला. "हा माणूस? अरे, हा तर त्या दिवशी आमचं माथं खाऊन गेला!" मोठा म्हणाला. धाकटा म्हणाला, "माझं जास्त खाल्लं." दोघांनीही प्रतिज्ञापत्र दिलं. त्यांच्या वकिलांच्या म्हणण्याप्रमाणे, या दोन भावांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट. निकाल रद्द झाला आणि दावा पुन्हा सुरू झाला.

यावेळी पुकारा होताच मामा धावत गेले. मी आणि मामी मागे बसलो होतो. शेठच्या वकिलाने बरंच काही विचारलं, मामांनी बरंच काही सांगितलं, आणि कुणाला काही उमजेना. शेवटी न्यायाधीश म्हणाले, "थांबा. मला एक शंका आहे." मामांनी दचकून वर बघितलं. त्यांचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ते पहिल्यांदाच ऐकत होते. "मशीन बंद, बर्फ नाही, होड्या नाहीत. मग तुम्ही तिथे दिवसभर नेमकं काय करत होतात?"

"वास नाही ना, ते बघत होतो, साहेब. मशीन बंद असलं तरी नळांत अमोनिया असतो. सुटला तर आजूबाजूच्या वस्तीला पळता भुई थोडी होईल."

"म्हणजे दिवसभर वास घेत होतात?"

"नाही साहेब. मला वास येत नाही. गॅसने नाक कधीच गेलं."

शेठचा वकील उडालाच. "बघा साहेब, स्वतःच कबूल केलं!" आमच्या वकीलबाईंनी डोळे मिटले. माझ्या शेजारी मामी दगडासारख्या बसल्या होत्या. मामा मात्र सांगत राहिले. "गंधकाची वात पेटवून मी सांध्यासांध्यांवरून फिरवायचो. गॅस असला की पांढरा धूर होतो. पण वात काही दिवसभर पेटती ठेवता येत नाही. मग येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचं. मासळीवाल्या बायका, शाळेची पोरं, हे आमचे जावई. मोठ्या शेठना सांगितलं होतं मी, नाक गेलं, दुसरा माणूस बघा. ते म्हणाले, तुझं गेलं, गावाचं आहे ना? विचारत राहा. त्याचाच पगार देत होते ते. कधी काही झालं नाही साहेब. काही झालं नाही, हेच माझं काम होतं."

दावा पुढे फेटाळला गेला, तरुण शेठने अपील केलं नाही. पण मला आठवतो तो त्या दिवशीचा व्हरांडा. तो मुलगा मामांजवळ आला आणि घुटमळत म्हणाला, "काका, हे बंदीचे महिने चाललेत. आत्ता कोण बघतं तिथे?" मामा म्हणाले, "मीच. कुंपणाबाहेरून. लोकांना विचारतो." मुलाने मान खाली घातली. आणि मामी एकदम नवऱ्यावर कडाडल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी खमंग फोडण्या देत होते, त्या कुणासाठी?" आणि तिथेच, सगळ्यांदेखत रडायला लागल्या. मामांनी त्यांना एकच सांगितलं, "आवाज ऐकू यायचा की चुरचुर."

नंतर त्या मुलाने वापीहून माणसं आणून नळांतला सगळा गॅस काढून घेतला आणि मशीन भंगारात दिलं. आता तिथे चार भिंती आहेत आणि आत रानगवत. मामाही थकलेत, मला धरून चालतात. परवा पावसाने उघडीप दिली म्हणून आम्ही खाडीकडे फिरायला गेलो, तर सवयीने त्या दारात थांबले. "जावईबापू, वास कसला येतोय?"

आत काही उरलेलं नाही, हे त्यांनाही माहीत आहे. मी थांबलो. डोळे मिटून, छाती भरून श्वास घेतला. एकदा, मग पुन्हा एकदा, सावकाश.

"काही नाही, मामा."

"नीट घेतलात ना?"

"नीट घेतला."

"मग चला," मामा म्हणाले, "घरी जाऊ."