होळीच्या आधी काढलेली हळद

परवा मोबाइलवर एक लेख वाचला. सावलीत वाढणारी, वर्षानुवर्षं जगणारी झाडं कधी लावावीत, असा विषय होता. लिहिणाऱ्यानं ठोकून दिलं होतं, वसंतात लावा. मला रागच आला. कुणाच्या वसंतात? आमच्या एकोडी गावात पळस फुलला म्हणेस्तोवर ऊन असं तापतं की कोवळा कोंब सकाळी लावला तर संध्याकाळी त्याचा पापड झालेला असतो. आणि माझी मोठी बहीण जिथे राहायची, त्या हिमाचलातल्या पहाडात त्याच दिवसांत सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो. एकच महिना, पण इथे जाळतो आणि तिथे गोठवतो. हे मला कुठल्या पुस्तकातून कळलेलं नाही. आमच्या घरात यावरूनच भांडण झालं, आणि ते पुरतं मिटायच्या आत ताई गेली.

आमच्या परसात आंब्याच्या सावलीला हळदीचा वाफा आहे. आई हळदीला हरद म्हणते, आणि घरातल्या थोरल्या सुनेबद्दल बोलावं तशी तिच्याबद्दल बोलते. अक्षय्य तृतीया झाली की कंद लावायचे आणि वर तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, जाड थर पसरायचा. नवतप्याचं, मे सरतानाच्या नऊ दिवसांचं, जाळणारं ऊन त्या तणसावरून निघून जातं. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपांसाठीचं बी, टाकायच्या आत हे काम उरकावं लागतं, कारण एकदा रोवणा, रोपांची लावणी, सुरू झाला की घरातल्या कुणालाच पाठ सरळ करायची सवड नसते. त्यानंतर होळीपर्यंत वाफ्याला हात लावायचा नाही. पानं वाळोत, खोडं आडवी पडोत, कंद मातीतच पिकू द्यायचा. काही कंद काढताना राहून जातात, ते पुढच्या पावसात आपले आपण फुटतात. आमच्या घरची रीत अशी की मुलीला लग्नात लागणारी हळद तिच्या आईनं स्वतःच्या हातानं लावलेली असावी. ताईला लागली ती याच वाफ्यातली.

ताई नागपूरला नर्सिंग शिकली, पहाडातल्या एका दवाखान्यात नोकरीला लागली आणि तिथल्याच माणसाशी लग्न करून तिथलीच झाली. लग्नानंतर जाताना आईनं तिच्या पिशवीत कंद बांधून दिले, आणि सोबत सगळे नियम.

ताईनं ते नियम अगदी शब्दाला शब्द पाळले. अक्षय्य तृतीयेनंतर लावली, घरामागच्या गर्द सावलीत लावली, होळीपर्यंत थांबली. होळीला माती उकरली तर आत कंद नव्हतेच, नुसता काळा लगदा. आमच्याकडे सावली म्हणजे जीव वाचवायची जागा. तिथे घरामागची सावली म्हणजे गारठा, आणि हिवाळाभर मातीत ठेवलेला कंद सडायलाच ठेवलेला. हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. आम्ही धान पिकवणारी माणसं; आम्हाला वाटतं, जमीन म्हणजे कणगी, ठेवलेलं ती सांभाळणारच.

आईनं फोनवर तिलाच हाणलं. “नाचता येईना, आंगन वाकडं! माह्या हातची हरद कदी सडली नाही.”

पुढच्या वर्षी नवे कंद पाठवले, पुन्हा तेच झालं, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. शेवटी ताईनं नाद सोडला आणि बाजारातली पुडी आणायला लागली. आई ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

बरीच वर्षं गेली. भाची मोठी झाली, तिचं लग्न ठरलं, तारीख पुढच्या माघातली निघाली. त्याच सुमारास ताईच्या पोटात गाठ निघाली. ती स्वतः नर्स होती, त्यामुळे तिला कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. तिनं मला फोन केला आणि दुखण्याबद्दल थोडकं बोलून एकदम म्हणाली, “होळीले हरद काढसान त कंद पाठव मले. पोरीले माह्या हातची लागली पायजे.”

होळी होताच मी कंद पाठवले. आईनं लगेच फोनवरून हुकूम सोडला की अक्षय्य तृतीयेपर्यंत ते तणसात गुंडाळून ठेव. ताई म्हणाली, मी आजच लावते. घरात, चुलीजवळ, जुन्या डब्यांमध्ये. बाहेरची थंडी सरेपर्यंत आतच कोंब फुटू देते, मग डबे उन्हाच्या बाजूला नेऊन ठेवते.

“उन्हात?” आई ओरडलीच. “हरद उन्हात लावते काय कोनी?”

“माय, तुहं पंचांग तुह्या आंगनापुरतं हाय. इथं उन्हाळाच लहान हाय. तू सांगतेस तवा लावली त कंद भरायच्या आत थंडी येते.”

“मंग कर तुह्या मनानं. मले कायले विचारून राहिली?”

“विचारून नाही राहिली, सांगून राहिली.”

आईला ते फार लागलं. पुढे त्या दोघी रोज बोलायच्या. जेवण गेलं का, उलटी झाली का, नवं औषध सोसतं का, सगळं बोलायच्या. पण हळदीचं नाव आईनं काढलं नाही आणि ताईनंही नाही. आमची आई मोडेल पण वाकणार नाही, आणि ताई तर तिचीच लेक. त्या दोघींच्या मध्ये पडायची माझी छाती नव्हती.

भाद्रपदात ताई गेली. शेतात धान गर्भावर आला होता. आईचे गुडघे केव्हाच गेलेले, तिला रेल्वेचा तेवढा प्रवास झेपला नसता. मी एकटाच निघालो, आणि पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. ताईचा नवरा, आमचा जवाई, आणि भाची पडवीत बसले होते. थोड्या वेळानं मी उठून अंगणात गेलो. तिथे उन्हाच्या भिंतीशी, जर्दाळूच्या विरळ सावलीत, जुन्या बादल्या आणि तेलाचे डबे ओळीनं मांडलेले होते. त्यांत आमची हळद माझ्या छातीएवढी वाढली होती. मी एक पान चुरगळलं, तर आमच्या परसातला वास आला. मला तिथे रडू आवरलं नाही.

घरी आल्यावर आईनं एकच विचारलं, “केवढी झाली?”

मी हातानं उंची दाखवली. ती बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिली.

दिवाळी झाल्यावर एक दिवस दुपारी जवाईचा व्हिडिओ कॉल आला. आमच्या वाफ्यातली पानं तेव्हा अजून हिरवीगार होती. त्याच्याकडची पिवळी पडून माना टाकत होती. त्यानं फोन डब्यांवरून फिरवला आणि म्हणाला, “अम्मा, पत्ते सूख रहे हैं. कब निकालें? उसने कुछ बताया नहीं था.”

“होली तक...” आईच्या तोंडून नेहमीच्या सवयीनं निघालं, आणि ती तिथेच थांबली. तो काळा लगदा तिला आठवला असणार, मला तरी आठवला. लवकर काढावी तर कंद कच्चा राहील, उशीर करावा तर थंडी खाऊन टाकेल. लग्न माघात होतं. चुकलं तर पुन्हा लावायला वेळ नव्हता, आणि लावणारीही नव्हती. ताई ही हळद केव्हा काढणार होती, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. रागानं आईनं ते कधी विचारलंच नव्हतं.

आई माझ्याकडे वळली आणि चिडून म्हणाली, “मले तिथलं काय ठाव? तिलेच विचार ना. लाव तिले फोन.”

जवाईला तेवढी मराठी कळते. फोनवर त्याचा चेहरा दिसत होता, आणि तो आईकडे नुसता बघत होता. आपण काय बोललो ते आईच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग तिनं पदर तोंडात कोंबला. मला वाटलं, आता फोन बंद करावा. मी हात पुढे केला, तर तिनं माझा हात बाजूला सारला.

“झाड दिखाओ,” ती तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली. “नजदीक से. खोड पकडके हिलाओ.”

जवाईनं खोड धरून हलवलं. कंद पिकल्यावर होतं तसं ते बुडातून सैल झालं होतं, सहज हातात आलं.

“निकालो. होली-वोली कुछ नहीं. आजच निकालो.”

त्यानं डबा आडवा केला, माती झटकली. आत कंदाला कंद लागून मोठा घोस भरला होता. एक मोडून त्यानं फोनसमोर धरला. आतला रंग आमच्या हळदीपेक्षाही गडद होता. आईनं फोन डोळ्यांपाशी नेला.

“भरली रे बाप्पा,” ती म्हणाली. “तिचंच खरं होतं. मी उगीच तोंड फिरवून बसली.”

माघात मी लग्नाला गेलो. भाचीला पहिली हळद मामानं लावावी, असं जवाईनंच सांगितलं. वाटी भरलेली होती. मी तिच्या गालांना लावली, हातांना लावली, आणि तुझ्या आईच्या हातची आहे एवढंच म्हणालो. तिनं डोळे मिटून घेतले. आजूबाजूच्या बायका त्यांच्या बोलीत गाणी म्हणत होत्या. मला ती कळत नव्हती आणि ते बरंच होतं.

मी परत आलो त्या दिवशी आईनं जवाईला फोन लावायला सांगितला. लग्न कसं झालं, पोरगी सासरी नीट पोचली का, हे सगळं झाल्यावर तिनं विचारलं, “बेटा, बेन्यासाठी थोडे कंद ठेवले ना? लगाने के लिए?”

त्याला आधी कळलंच नाही. मी हिंदीत सांगितलं. तेव्हा तो मोठ्या अभिमानानं म्हणाला, “नहीं अम्मा, सब उबाल दिया. बेटी की शादी थी, एक गाँठ भी नहीं बचाई.”

कुटायची हळद आधी उकडतात, आणि उकडलेली हळद उगवत नाही. आमच्याकडे हे शेंबड्या पोराला माहीत असतं. पहाडातल्या त्या माणसाला हे कोण सांगणार? सांगणारी त्याच्या घरात एकच होती.

“अच्छा किया,” आई म्हणाली. “लग्नाकरताच लावली होती तिनं.” आवाज अगदी नेहमीचा होता. तिनं त्याला पुरेसं खा-पी म्हणून सांगितलं आणि फोन माझ्याकडे दिला.

मी म्हणालो, “काळजी करू नको. कंद आपल्याच वाफ्यातले होते ना? होळीला काढू तेव्हा मी पुन्हा पाठवतो.”

“आपली त हायच,” आई म्हणाली. “तिच्या हातची सरली.”

आणि ती मोठ्यानं रडायला लागली. ताई गेल्याची बातमी आली तेव्हाही ती अशी रडली नव्हती.