गोधडीसकट वजन

माह्या पहिल्या लेकराले मीच उपाशी मारलं, असं गावात बोलत होते. तोंडावर कोणी नाही, पण मी काय बहिरी होती? नळावर गेली की बाया एकदम गप्प व्हायच्या.

माहेर तुमसरकडचं, सासर हद्दीपल्याड, हिंदी मुलखात, कटंगीजवळचं. ऐन थंडीत बाळंत झाली मी, आरोग्य केंद्रात. पोरगा झाला. मले भोवळ आली होती, त्याले तोलताना मी पाहिलं नाही. सासू तोलून घेऊन आली. नर्स दीदीनं जच्चा-बच्चा कार्डावर वजन लिहिलं अन् म्हणाली, "बढ़िया है, ढाई किलो से ऊपर." सासूनं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं, येईल त्याले दाखवे. मलेही बरं वाटे, खोटं काहून सांगू.

पण पोरगा हातात घेतला की हाताले वजनच लागत नव्हतं. दूध ओढता ओढता दमून झोपून जाय. पाय थंडगार. मी म्हटलं, "आई, हा लई लहान वाटते मले." सासू खवळली, "काय बोलून राह्यली? कार्डावर लिहून आहे ना! माय होऊन नजर लावतं का?"

लेकराले तपासाले गावची आशा दीदी घरी आली. तिनं झोळीच्या काट्यानं त्याले तोललं, मग कार्ड पाहिलं, मग पुन्हा काटा पाहिला. "काँटा ख़राब हो गया लगता है," म्हणाली अन् गेली. अवं बाई, काटाच खरं बोलत होता! पण छापील कार्डापुढं कोणाचं चालते?

मग एका सकाळी त्यानं तोंडच उघडलं नाही. बसनं बालाघाटले नेलं. डॉक्टरनं आधी कार्ड पाहिलं, मग त्याले उघडा करून तोललं, अन् माह्यावर खेकसला, "पैदा तो तंदुरुस्त हुआ था. इतना सूख कैसे गया? दूध नहीं पिलाती थी?" माहा पदर दुधानं ओला झाला होता. पण कार्डावर लिहून होतं.

संध्याकाळी पोरगा गेला. त्याच्यानंतरही किती दिवस दूध येतच राह्यलं, अन् प्यायले कोणी नव्हतं. मले माह्याच अंगाची घाण वाटे. माह्या दुधातच काही खोट असंल, असं मीही धरून बसली.

पुढं पोरगी झाली, त्याच आरोग्य केंद्रात. या खेपेले मी जागी होती. सासूनं पोरीले गोधडीत गच्च गुंडाळलं, नजर लागू नये म्हणून सुपारी कातरायचा लोखंडी सरोता आत खोचला, अन् तशीच काट्याकडं निघाली. नर्स नवीन होती. म्हणाली, "कपड़ा हटाओ, अम्मा."

"उघडं लेकरू तोलत नाहीत बाई, नजर लागते," सासू म्हणाली. "हिच्या भावालेही असंच तोललं होतं. मागची दीदी काही नाही बोलली."

मी तशीच उठली. पोरगी काढून नर्सच्या हातात दिली, अन् गोधडी न् सरोता नुसताच काट्यावर ठेवला. पाऊण किलोच्या पुढं गेला काटा.

सासूनं काट्यावरून सरोता उचलला. "माह्या हातानं," एवढंच म्हणाली. मी तिले सोडलं नाही. तोंडाले येईल ते बोलली, बाकीच्या बाळंतिणी पाहत राहिल्या. नातवावर जीव होता तिचा, हे मले माहीत होतं, तरी बोलली.

मग पोरीले उघडीच तोलली. ती रडली, मीही रडली. वजन लिहिताना मी नर्सले म्हटलं, "दीदी, तिच्या भावाचं कार्डही दुरुस्त करून द्या."

"अब क्या फ़ायदा, बहन?" ती म्हणाली.

फायदा काय असणार! तो जन्मताच लहान होता, अन् मी त्याले पाजत होती. एवढं तरी लिहा ना बाई कुठं.